ज्याच्यावर दावा लागत नाही, त्याच्या नोकराचा विमा

आमच्या पाहुण्यांतला एक पोरगा दिल्लीत चाणक्यपुरीला एका देशाच्या दूतावासात ड्रायव्हर आहे. गाव रेणापूर तालुक्यातलं, वय तीस. मागच्या उन्हाळ्यात लग्नासाठी गावी आला होता. पंगतीत माझ्या शेजारी बसला तेव्हा लक्षात आलं की तो भाकरी डाव्या हातानं मोडतोय. उजव्या हाताची मधली दोन बोटं सरळ ताठ, वाकतच नव्हती. विचारलं तर म्हणाला, फाटकात सापडली. रात्री साहेबांना सोडून गाडी परत आणली, गार्ड जेवायला गेला होता, म्हणून हा स्वतः उतरला आणि दूतावासाचं लोखंडी सरकतं फाटक ओढलं. फाटक रुळावरून घसरलं. पहिल्या दवाखान्याचा खर्च ऑफिसनं केला. पुढं कोणी काही बोललं नाही.

तो मला एवढं सांगत होता ते मी लातूरचा इन्शुरन्सवाला म्हणून. डाळमिल, जिनिंग, उसाचे ट्रॅक्टर, स्लॅबवर चढणारी सेंट्रिंगची टोळी, अशांचे विमे उतरवण्यात माझी वीस वर्षं गेली. जेवण झाल्यावर मांडवाच्या मागं त्यानं मोबाइलवर पॉलिसीचा फोटो दाखवला. "काका, ह्याच्यात माझं नावच नाही की." नव्हतंच. एक ओळ होती: ड्रायव्हर, इतके, वर्षाची एकूण मजुरी, इतकी. खाली माळी, त्याखाली स्वयंपाकी. विमाधारक म्हणून वरती ठळक अक्षरात त्या देशाचा दूतावास.

दुसरा फोटो विमा कंपनीच्या पत्राचा होता. विमाधारकावर भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी निश्चित झाल्याचा कागद जोडावा, मग दाव्याचा विचार करू, असं त्यात होतं. शिवाय एक खोचक प्रश्न: फाटक ओढणं हे ड्रायव्हरच्या कामात मोडतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. असले प्रश्न विचारायचा कंपनीला पगारच मिळतो. पहिल्या प्रश्नानं मात्र मी अडकलो, कारण तो कागद कुठून आणायचा हे मलाही सांगता येईना.

आपल्याकडं ज्याला अजूनही सगळे 'वर्कमन कॉम्पेन्सेशन' म्हणतात, ती पॉलिसी कामगाराची नसतेच, मालकाची असते. १९२३ च्या कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकली की कामामुळं आणि कामाच्या ओघात अपघात झाला तर भरपाई द्यायची, चूक कोणाची हे बघायचं नाही. ती जबाबदारी मालक विमा कंपनीकडं सरकवतो. म्हणजे आधी मालक देणं लागला पाहिजे, मग कंपनी देणं लागते. डाळमिलच्या बाबतीत यात काही अडत नाही. मालक नाही म्हणाला तर कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिश्नरकडं जातो, तिथं हुकूम होतो आणि कंपनी पैसे भरते.

दूतावासाच्या बाबतीत हीच साखळी पहिल्या कडीला तुटते. परदेशी राज्यावर कोर्टात दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे केंद्र सरकारची लेखी संमती लागते. कमिश्नरकडं अर्ज टाकला तरी दूतावासाचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढणार. संमती मिळणं किती सोपं आहे, याचं एक जुनं उदाहरण आहे. अल्जीरियाच्या दूतावासाच्या इमारतीची दुरुस्ती केलेल्या एका कंत्राटदारानं थकलेल्या बिलासाठी संमती मागितली. सरकारनं राजकीय कारण सांगून ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८६ मध्ये न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं की बाबांनो, त्याचं म्हणणं ऐका, कारणं द्या आणि पुन्हा निर्णय घ्या. हे झालं कंत्राटदाराचं, ज्याला वकील परवडत होता.

गंमत अशी की जबाबदारी नाही असं कोणीच म्हणत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की राजनैतिक अधिकाऱ्यानं स्थानिक माणूस कामाला ठेवला तर यजमान देशाच्या सामाजिक सुरक्षेच्या नियमांनी मालकावर जे ओझं टाकलंय ते त्यानं पाळावं. आपण १९७२ मध्ये कायदा करून हा करार देशात लागू केला. म्हणजे कर्ज कबूल आहे, फक्त वसुलीचं दार बंद आहे.

म्हणूनच माझं म्हणणं असं की दूतावासानं स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी विमा घेणं ही नुसती चांगुलपणाची किंवा ऑडिटची गोष्ट समजू नये. ज्याच्यावर दावा लागत नाही अशा मालकाच्या जागी, ज्याच्यावर दावा लागतो असा देणेकरी उभा करण्याचा तो एकच सरळ मार्ग आहे. विमा कंपनी भारतातली, तिचं ऑफिस भारतात, तिच्यावर नोटीस बजावायला परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागत नाही. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा पॉलिसी तशी लिहून घेतली असेल. त्या पोराच्या पॉलिसीत तशी लिहिलेली नव्हती. दूतावासानं बाजारातून डाळमिलची पॉलिसी उचलली आणि वर आपलं नाव टाकलं. विमा कंपनीनंही हप्ता निमूट घेतला. मालकावर दावाच लागणार नसेल तर जबाबदारीचा विमा विकून कंपनीनं नेमकं काय विकलं, हे तिला त्या वेळी कोणी विचारलं नाही.

करायचं काय, तर फार नाही. करारात एक वाक्य हवं: मालकाला राजनैतिक किंवा सार्वभौम संरक्षण आहे ही सबब विमा कंपनीला घेता येणार नाही, कायद्याच्या सूत्रानं जी रक्कम निघेल ती, मालकावर हुकूम झालेला असो वा नसो, कंपनी थेट कामगाराला किंवा त्याच्या वारसाला देईल. यात दूतावासाचं संरक्षण तिळभरही कमी होत नाही, कारण कोर्टात दूतावास येतच नाही. आणि ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. मालक दिवाळखोर झाला तर त्याचे विमा कंपनीविरुद्धचे हक्क कामगाराकडं जातात, हे १९२३ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये पहिल्यापासून होतं. मालक दिवाळखोर असो की कोर्टाला हात न लावता येणारा, कामगाराच्या दृष्टीनं फरक काय?

आता कोणी म्हणेल, लातूरच्या माणसानं चाणक्यपुरीची चिंता का करावी. इथून जवळचा दूतावास म्हणजे विमानानं जायचं अंतर. पण हा विषय वाचत गेलो तसा तो फिरून आमच्याच दारात आला.

अमेरिकेचं घ्या. त्यांच्या १९८० च्या फॉरेन सर्व्हिस कायद्यात आहे की परदेशात भरती केलेल्या स्थानिक माणसांचे पगार आणि सवलती त्या ठिकाणच्या प्रचलित दरावर आणि रिवाजावर ठरवाव्यात, अमेरिकेच्या सार्वजनिक हिताला बाध येणार नाही इतपत. परदेशात सरकारी काम करणाऱ्या कंत्राटदारांसाठी त्यांचा १९४१ चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट आहे. त्यात कंत्राटदारानं आपल्या माणसांचा विमा उतरवायचा, माणूस कुठल्याही देशाचा असो. मात्र स्थानिक कायद्यात भरपाईची सोय असेल तर स्थानिक माणसांपुरती सूट मागता येते. दोन्हीकडं शेवटी बोट कुठं दाखवलंय? तुमच्या गावात काय चालतं तिकडं. दूतावास विम्याचं टेंडर काढतो तेव्हा तो आपल्याकडचा रिवाज पाहतो. आणि आपला रिवाज काय आहे ते मी रोज माझ्या टेबलावर पाहतो.

एका जिनिंगवाल्याची पॉलिसी करत होतो. माणूस भला, मजुरांना सणाला कपडे देणारा. अर्ज भरताना मी विचारलं, मजुरी किती लिहू? "लिहा आठ हजार." मी म्हणालो, तुम्ही तर पंधरा देता. "अहो, विम्यासाठीच लिहायचंय ना? कोणाला पगार थोडाच द्यायचाय त्यातून." हप्ता घोषित मजुरीवर ठरतो, त्यामुळं आकडा निम्मा केला की हप्ताही निम्मा. त्यानं चहा मागवला आणि विषय संपला.

हिशेब करून बघा. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक, असं सूत्र आहे, आणि २०२० पासून हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा १५,००० आहे. पस्तीस वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६. पंधरा हजारांवर भरपाई होते १४,७७,९५०. आठ हजारांवर ७,८८,२४०. कायदा खरी मजुरी बघतो, पण कंपनी घोषित मजुरीच्या प्रमाणातच मोजते. मधले सात लाख मालकाच्या घरी जाऊन मागायचे असतात. कोण मागणार? ती बाई, जिला त्याच जिनिंगमध्ये पुढच्या हंगामात कापूस वेचून साफ करायला जायचंय. अलीकडं तर मालक एवढंही करत नाहीत. "वीस रुपयांचा विमा बँकेतून कापलाय की सगळ्यांचा," म्हणतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा. तो चांगलाच आहे, पण तो दोन लाखांचा आहे, आणि हप्ता कामगाराच्याच खात्यातून गेलाय. मालकाची जबाबदारी कामगाराच्या वीस रुपयांत फेडायची ही युक्ती ज्यानं काढली त्याला मानलं पाहिजे.

दूतावासातही हेच होतं, जरा इस्त्री केलेल्या कपड्यात. ड्रायव्हर थेट नोकरीत, पण गार्ड, माळी, सफाईवाले मॅनपॉवर एजन्सीचे. नेहमीच्या पॉलिसीत कंत्राटदाराची माणसं धरलेली नसतात, त्यांच्यासाठी वेगळं लिहून घ्यावं लागतं, हप्ता वाढतो. मग दूतावास एजन्सीकडं बोट दाखवतो, एजन्सी दूतावासाकडं. मालक कोण, हाच प्रश्न. आणि या प्रश्नात मराठवाड्याला कोणी काही शिकवायची गरज नाही.

बीड, धाराशिवकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. उचल मुकादमानं दिलेली. मुकादमाशी करार वाहतूकदाराचा, वाहतूकदाराशी कारखान्याचा, फड शेतकऱ्याचा. टायरगाडी उलटली, मोळी वाहताना कोणी चाकाखाली गेलं, फडात साप चावला, तर मालक कोण? कंत्राटदाराकरवी काम करून घेणाऱ्या मूळ मालकावर जबाबदारी टाकणारं कलम १२ त्या १९२३ च्या कायद्यात होतं. पण त्याचंच पोटकलम सांगायचं की मूळ मालकानं जिथं काम करायचं अंगावर घेतलंय किंवा जी जागा त्याच्या ताब्यात आहे, त्या आवारात किंवा आसपास अपघात झाला नसेल तर ते कलम लागू नाही. उसाचा फड कारखान्याच्या आवारात कसा असेल? कारखान्याला कलम ८६ चं कवच नाही, व्हिएन्ना करार नाही, तरी त्याला जवळपास राजदूताइतकंच संरक्षण मिळतं. आमच्याकडच्या किती साखर कारखान्यांना स्वतंत्र राष्ट्राचा दर्जा आहे, हा प्रश्न वेगळा.

आणि मालक सापडला तरी वेळ किती लागतो? धाराशिव भागातलाच खटला आहे. साखर कारखान्यावरचा एक रखवालदार, पाळी पहाटे तीनची. २२ एप्रिल २००३ ला कामावर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कमिश्नरनं ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी वर गेली. उच्च न्यायालय म्हणालं, वाटेतला अपघात कामाचा अपघात नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये ते फिरवलं: पहाटे तीनच्या पाळीला निघालेला माणूस कामासाठीच निघाला होता, काम आणि वाट यांचा संबंध उघड आहे. बावीस वर्षं. तेव्हा कडेवर असलेलं लेकरू निकालाच्या वेळी स्वतः कामावर जायच्या वयाचं झालेलं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात येण्याजाण्याच्या वाटेतला अपघात अक्षरात आलाय, हे बरं झालं. पण दूतावासाची पॉलिसी जुन्या छापील नमुन्यावर असेल आणि रात्री दोनला विमानतळावरून साहेबांना आणून घरी परतणाऱ्या ड्रायव्हरचं त्यात काही नसेल, तर पुन्हा तोच वाद नव्यानं घालत बसा.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही मला पोकळ वाटत नाहीत.

पहिला: विमा कंपनीच मधे कशाला? दूतावासानं सरळ आपल्या तिजोरीतून द्यावं. आपल्या राज्य सरकारनं शेतकऱ्यांच्या अपघात विम्यात नेमकं हेच केलं. कंपन्या दावे लटकवतात म्हणून २०२३ मध्ये त्यांना बाजूला केलं, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना थेट सानुग्रह अनुदानाची झाली. मला तो निर्णय पटतो. पण शेतकऱ्याच्या बायकोला तालुका कृषी कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसता येतं, आमदाराला फोन करता येतो, पेपरात बातमी देता येते. दूतावासाच्या पायरीवर बसायला गेलं तर पोलीस उठवतात. राजदूत तीन वर्षांनी बदलतो, प्रशासन अधिकारी त्याच्याही आधी. पैसे मंजूर करणारा माणूस दुसऱ्या खंडात बसलेला असतो, त्याला रेणापूर कुठं आहे ठाऊक नसतं. अशा मालकाच्या शब्दावर अपंगत्वाचा हिशेब सोडायचा नसतो. राज्य विमा योजनेचं, म्हणजे ईएसआयचं नावही काही जण घेतात. पण तिथं पगाराची मर्यादा २१,००० आहे आणि दूतावासातले बरेच ड्रायव्हर तिच्यावर गेलेले असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. असल्या अटी घातल्या की हप्ता वाढणार, आणि टेंडरमध्ये एल-वनलाच, म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणाऱ्यालाच, काम द्यावं लागतं. एल-वनचं कौतुक आम्ही पुष्कळ पाहिलंय. एल-वननं बांधलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो, ते दिसतं तरी. एल-वनचा विमा वाहून गेलाय हे अपघात होईपर्यंत कळतच नाही. म्हणून अटी आधी ठरवायच्या आणि त्या सगळ्यांना सारख्या घालून मग दर मागवायचे. खरी मजुरी धरायची. एजन्सीची माणसं नावानिशी जोडायची. दवाखान्याच्या खर्चाला मर्यादा घालायची नाही, कारण २००९ च्या दुरुस्तीपासून कायदाच म्हणतो की उपचाराचा खरा खर्च मालकानं द्यायचा, आणि पॉलिसीत मात्र तो 'अ‍ॅड-ऑन' म्हणून थोड्याशा रकमेपुरता विकला जातो. प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत एक पान द्यायचं: अपघात झाला तर कोणाला, किती दिवसांत कळवायचं. निकाली काढलेल्या दाव्यांचा दर बघून मगच कंपनीला पात्र धरायचं. आणि युद्धाचं कलम नीट वाचायचं. नेहमीच्या पॉलिसीतून युद्ध आणि युद्धसदृश घटना वगळलेल्या असतात. डाळमिलला त्याचं काही नाही. दूतावासाला आहे. ७ जुलै २००८ ला काबूलमध्ये भारतीय दूतावासावर बॉम्बहल्ला झाला. त्यात आपले अधिकारी आणि जवान गेले, तसा दूतावासात काम करणारा एक स्थानिक अफगाणही गेला.

त्या अफगाण माणसाचा उल्लेख मी मुद्दाम करतोय. या प्रश्नात आपण फक्त फिर्यादी नाही. भारताचे दूतावास जगभर आहेत, आणि तिथं ड्रायव्हर, टंकलेखक, माळी म्हणून स्थानिक माणसं आहेत. तिथल्या कोर्टांपुढं सार्वभौम संरक्षणाचं कवच आपणही वापरू शकतो. जगाचा वारा बदलतोय. लंडनमधल्या सुदान आणि लिबियाच्या दूतावासांतल्या घरकामगारांच्या खटल्यात २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोकरीच्या वादात असं सरसकट कवच न्याय मागण्याच्या हक्काला बाधक ठरतं. आपण दिल्लीतल्या दूतावासांना चार गोष्टी सांगायच्या तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं बाहेरच्या आपल्या दूतावासांत आधी तीच पॉलिसी, त्याच वाक्यासह, उतरवून दाखवावी. मग कलम ८६ च्या संमतीचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा दूतावासाला विचारता येईल: विम्यात ते वाक्य आहे का? असेल तर संमतीची गरजच नाही. नसेल तर का नाही?

त्या पोराच्या बोटांचं सांगायचं राहिलं. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के धरतात, आणि अवयव कायमचा पूर्ण निकामी झाला तर तो गेल्यासारखाच. तीस वर्षांचा गुणक २०७.९८. अपंगत्वाला ५० च्या जागी ६० टक्के धरतात, म्हणून पंधरा हजारांच्या ६० टक्क्यांनी गुणून त्याचे २० टक्के काढले तर ३,७४,३६४ रुपये होतात. मी हा आकडा मांडवाच्या मागं लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिला. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे हे मिळणार?" म्हणाला. मी म्हणालो, दावा दोन वर्षांच्या आत टाकायचा असतो, तेवढा टाक. मिळणार म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पॉलिसीचं नूतनीकरण जवळ आलं तेव्हा मी त्याला चार ओळी लिहून पाठवल्या, ते वाक्य, खरी मजुरी, वाटेतला अपघात आणि गार्डांची नावं. त्यानं त्या प्रशासन अधिकाऱ्याला दिल्या. अधिकाऱ्यानं नीट वाचल्या आणि हप्ता किती वाढेल असं विचारलं. आकडा काढून पाठवलाय. परवा पोराचा फोन होता. त्या फाटकाला आता मोटर बसवली आहे म्हणाला, बटणावर उघडतं. बोटांचं अजून काही नाही.